घडी की वेणी?

दादरसारख्या ठिकाणी एखादा शब्द कुठून निघाला आणि कुठे पोचला हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. केमिस्टच्या दुकानात तोंड आलेला माणूस 'बी-कॉम्प्लेक्स'ची पट्टी मागत असतो. शेजारच्या इस्टेट एजंटच्या काचेवर बदलापूरच्या एखाद्या 'कॉम्प्लेक्स'मधल्या वन बीएचकेची किंमत चिकटवलेली असते. क्लासबाहेर थांबलेली आई दुसऱ्या आईला सांगत असते, की इंग्रजी शाळेतली मुले फाडफाड बोलायला लागली की आमच्याकडच्याला 'कॉम्प्लेक्स' येतो. आणि एवढ्यात कानाला मोबाइल लावलेला एक तरुण बाजूने जातो. तो म्हणतो, "नाही यार, इट्स कॉम्प्लिकेटेड."

शंभर पावलांत एका शब्दाचे चार अवतार. चौघांपैकी कुणालाही त्याचे भाषांतर लागत नाही, आणि चौघांनाही एकच अर्थ अभिप्रेत नाही. पहिल्या तिघांबद्दल माझी तक्रार नाही. शब्द पाहुणे म्हणून येतात आणि पुढे घरचेच होतात. टेबल, स्टेशन, पेन यांना आपण कधीच परत पाठवले नाही. शिवाजी पार्काजवळ राहणाऱ्या सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द दिले, ते रुळले. सरकारच्या 'पदनाम कोशा'ला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हणून झोडपले, तरी त्यातलेही पुष्कळ शब्द आज आपण बिनदिक्कत वापरतो. भाषा आपला संसार आपल्या पद्धतीने करत असते.

माझे लक्ष आहे ते चौथ्या अवताराकडे, 'कॉम्प्लिकेटेड'कडे. अलीकडे हा शब्द वर्णन करण्यासाठी कमी आणि बोलणे थांबवण्यासाठी जास्त वापरला जातो. वडिलांनी काही विचारले की मुलगा म्हणतो, "बाबा, ते कॉम्प्लिकेटेड आहे, तुम्हाला नाही कळायचं." ग्राहकाने विचारले की विक्रेता तेच म्हणतो, रहिवाशाने विचारले की बिल्डरचा माणूस तेच म्हणतो. शब्द तोच, पण काम दाराच्या कडीचे.

लॅटिन माजघरातल्या दोन बहिणी

इंग्रजीत 'कॉम्प्लेक्स' आणि 'कॉम्प्लिकेटेड' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यांची मुळे मात्र लॅटिनमधल्या दोन वेगळ्या क्रियांमध्ये आहेत. 'कॉम्प्लिकेटेड' आला तो 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे यावरून. जे एकात एक घडी घालून ठेवले आहे ते कॉम्प्लिकेटेड. बँकेत आम्ही जन्मभर डुप्लिकेट, ट्रिप्लिकेटमध्ये फॉर्म भरून घेतले, ते शब्दही याच घराण्यातले. दोन घड्या, तीन घड्या. आणि 'सिंपल' म्हणजे मुळात एकच घडी असलेले. समजावून सांगण्यासाठी लॅटिनमध्ये जो शब्द आहे, 'एक्सप्लिकारे', त्याचा अर्थ घडी मोडणे.

'कॉम्प्लेक्स'च्या मुळाशी 'प्लेक्तेरे' ही क्रिया आहे. तिचा अर्थ गुंफणे, विणणे, वेणी घालणे. अनेक पेड एकमेकांत गुंफून जे एक होते, ते कॉम्प्लेक्स. बी-कॉम्प्लेक्सचेही तसेच झाले. सुरुवातीला शास्त्रज्ञांना 'बी' हे एकच जीवनसत्त्व आहे असे वाटत होते. पुढे उमगले की ती आठ जणांची गुंफण आहे. मग एकाला एक क्रमांक देऊन सगळ्यांना मिळून 'कॉम्प्लेक्स' म्हटले गेले.

दादरकरांना हा फरक समजावून सांगायला लॅटिनची गरजच नाही. रानडे रोडवरच्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस नऊवारीची घडी एका झटक्यात मोडून दाखवतो आणि गिऱ्हाईक नाही म्हणाले की तशीच परत घालतो. साडीचे काही बिघडत नाही. घडीत कितीही पदर असले तरी ते मोडता येतात, मोजता येतात. तिकडे स्टेशनबाहेर फुलबाजारात अबोलीची वेणी गुंफणाऱ्या बाईंच्या हातून मात्र एक पेड ओढून पाहा. फूल हाती येईल, वेणी राहणार नाही.

सगळा फरक एवढाच आहे. घडी उलगडते. वेणी उलगडली तर ती वेणी राहत नाही; ती अख्खीच पाहावी लागते.

आपल्या घरचे शब्द

मराठीने या बाबतीत इंग्रजीकडे उसने मागायला जावे अशी परिस्थिती मुळीच नाही. आपल्याकडे अडचणीच्या जातीनुसार शब्द आहेत. हिशेब किचकट असतो, कारण त्यात बारीकसारीक फार. भाषा क्लिष्ट असते. त्या शब्दात 'क्लेश' दडलेला आहे, वाचणाऱ्याला होणारा. वाट बिकट असते, गणित अवघड असते. नात्यात गुंतागुंत असते. प्रकरणात काही लपवलेले असेल तर ती भानगड, कुणालाच धड सोडवता येत नसेल तर त्रांगडे, आणि सरळ करता येण्यासारखी गोष्ट मुद्दाम वळसे घालून केली तर तो द्राविडी प्राणायाम. या शेवटच्याला इंग्रजीत 'कॉम्प्लिकेटेड' म्हणून सोडून देतात. आपण मात्र शब्दातच सांगून टाकतो की बाबा रे, नाक समोर आहे, तू उगाच डोक्यामागून हात फिरवतो आहेस.

यातले काही शब्द केसांवरून आले आहेत याची मला नेहमी मौज वाटते. 'जटिल' म्हणजे जटा असलेला. विंचरताना फणीत अडकते ते 'गुंतवळ'. रोमन माणसाला वेणी आठवली, आपल्याला जटा आणि गुंतवळ. पण दोघांनीही डोक्यातल्या प्रश्नाला डोक्यावरच्याच गोष्टीचे नाव दिले. आणि जन्मभर पैशांत वावरलेल्या माणसाला सर्वांत आवडणारा शब्द म्हणजे 'गुंतवणूक'. इंग्रजीत पैसा 'इन्व्हेस्ट' होतो. मराठीत तो गुंततो. ज्या समाजाने हा शब्द घडवला त्याला पैशाचा स्वभाव चांगलाच ठाऊक असला पाहिजे.

इंग्रजीतल्या एकट्या 'कॉम्प्लेक्स'साठी आपण चार वेगळे शब्द केले. गणितात संमिश्र संख्या, व्याकरणात मिश्र वाक्य, मानसशास्त्रात गंड आणि बांधकामात संकुल. 'न्यूनगंड'मधला गंड हा 'गंडमाळां'मधला, म्हणजे गाठ किंवा सूज. मनात बसलेल्या गाठीला याहून चांगला शब्द सापडला नसता. 'संकुल'ची गोष्ट वेगळी आहे. संस्कृतात त्याचा अर्थ गर्दीने दाटलेले, एकमेकांत मिसळून गेलेले. कोण कुणाशी लढते आहे हे कळेनासे होते ते संकुल युद्ध. आज वांद्रे-कुर्ला संकुलात सकाळी साडेनऊला जो उतरतो त्याला या मूळ अर्थाबद्दल शंका राहू नये.

दादरने मात्र राहण्याच्या जागेला किती नावे दिली! आधी वाड्या होत्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. नायगावला १९२०च्या दशकात बीडीडीच्या चाळी झाल्या. मग सोसायट्या आल्या, मग कॉम्प्लेक्स, आता टॉवर. वाडी, चाळ, कॉलनी या शब्दांत माणसे एकत्र राहतात हे आपोआप ऐकू येत असे. 'कॉम्प्लेक्स' हा शब्द आला तोच उंच फाटक आणि वॉचमनची वही घेऊन. शब्दाचा मूळ अर्थ गुंफण, पण त्यातल्या माणसांना शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहते हे माहीत नसते.

घडी कुणाच्या फायद्याची?

आता 'कॉम्प्लिकेटेड'कडे परत येऊ. घडी घातलेली वस्तू उलगडता येते हे खरे. पण ती उलगडू नये असे ज्याला वाटते तोच बहुधा तिला 'कॉम्प्लिकेटेड' म्हणत असतो.

घराचे क्षेत्रफळ घ्या. किती तरी वर्षे लोक 'सुपर बिल्ट-अप'वर घरे घेत होते. समजा कागदावर हजार चौरस फूट, आत गेल्यावर चटई अंथरायला साडेसहाशे. उरलेले कुठे गेले? भिंतींत, जिन्यात, लिफ्टमध्ये, लॉबीत. विचारले तर उत्तर ठरलेले, की तो हिशेब जरा कॉम्प्लिकेटेड असतो. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने 'कार्पेट एरिया'ची व्याख्या सगळ्या देशासाठी एकच केली आणि महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. ती व्याख्या चार ओळींची आहे. जे वर्षानुवर्षे कळण्यापलीकडचे म्हणून सांगितले जात होते ते चार ओळींत मावले.

कर्जाचेही तसेच. एक लाख रुपये, तीन वर्षे, दहा टक्के 'फ्लॅट' व्याज. ऐकायला किती सोपे! वर्षाला दहा हजार याप्रमाणे तीस हजार व्याज, एकूण एक लाख तीस हजार, ३६ हप्ते, दरमहा सुमारे ३,६११ रुपये. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दलही फेडत असता, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर मोजले जाते. उरलेल्या रकमेवर व्याज धरून हिशेब केला तर हाच दर सुमारे अठरा टक्के पडतो. सोपे दिसणारे आकडेसुद्धा घडी घातलेले असू शकतात, एवढेच यातून शिकायचे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी बँकांना बंधन घातले, की वार्षिक खर्चाचा खरा दर आणि मुख्य अटी यांचे एक पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत दिले पाहिजे. हे पत्रक मागून घ्या, आणि मराठीत मागा.

मध्यंतरी एका परिचितांच्या जुन्या इमारतीत पुनर्विकासाच्या बैठकीला बसण्याचा योग आला. इंग्रजी करारनाम्याचे ऐंशीएक पानांचे बाड टेबलावर होते. वकील तरुण होते, सभ्य होते. मागच्या खुर्चीवरच्या एका आजींनी काही विचारले तेव्हा ते म्हणाले, "आजी, ते जरा कॉम्प्लिकेटेड आहे." आजी म्हणाल्या, "असू दे रे बाळा. मला तिनच गोष्टी सांग. आत्ता आहे त्यापेक्षा आतली जागा किती? घर होईतो भाडं कोण भरणार? आणि त्यानं भरायचं थांबवलं तर मी कुणाच्या दारात जायचं?" सभेत शांतता पसरली. वकिलांनी पाने चाळली. तिन्हींची उत्तरे होती, वेगवेगळ्या कलमांत, एकमेकांपासून वीस-वीस पानांवर. त्यांनी ती एका कागदावर मराठीत लिहून काढली. अर्धा तास लागला आणि कागदाची एक बाजूही भरली नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून झाल्यावर मात्र सभेतल्या चार जणांनी ते कलम बदलून मागितले. इंग्रजीत ते त्यांना खटकले नव्हते, कारण इंग्रजीत ते त्यांना दिसलेच नव्हते.

दादर स्टेशनही असेच उलगडावे लागले. पश्चिम रेल्वेचे एक नंबर आणि मध्य रेल्वेचे एक नंबर, अशा दोन 'एक नंबर'च्या फलाटांवर बाहेरगावचे पाहुणे वर्षानुवर्षे गाड्या चुकवत होते. "तिथलं असंच आहे," म्हणून आपण ते सोडून दिले होते. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे एक ते सात तसेच ठेवून मध्य रेल्वेचे फलाट आठ ते चौदा झाले. एवढेच करायचे होते. ती घडी होती.

पण वेणीचे काय?

मात्र याच स्टेशनची गर्दी नंबर बदलून जात नाही. ती दोन रेल्वे, दूरदूरची उपनगरे, फुलबाजार, भाजीबाजार, क्लासेस आणि लाखो लोकांच्या पोटाची गुंफण आहे. सगळ्याच गोष्टी उलगडून एका कागदावर मावतात असे समजणे हाही भाबडेपणाच.

दादर-परळ-लालबागच्या जुन्या इमारतींचा प्रश्न पाहा. पागडी हा शब्दच घड्यांचा. डोक्यावर पदर गुंडाळत बांधायची ती पागडी. नाव घडीचे, पण प्रश्न वेणीचा. युद्धानंतर जागांची टंचाई होती म्हणून १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली. हेतू चांगला होता. गिरणी कामगाराला, कारकुनाला छप्पर मिळाले. पण सामानाचे भाव वाढत गेले आणि भाडे जागच्या जागी राहिले. मालकाने डागडुजी सोडली. भाडेकरूने खोली सोडताना पागडी घेतली, त्यात मालकाने वाटा घेतला. कायद्याला हे मान्य नव्हते, पण चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होते. इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ आले; त्या वेळी अशा इमारती १९,६४२ होत्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठवण्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या असे म्हटले. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली आणि पागडीला कायद्यात जागा मिळाली.

आता यातला कोणताही एक पेड ओढा. भाडे बाजारभावाने करा, म्हणजे निवृत्त माणूस उद्या कल्याणपलीकडे. भाडे तसेच ठेवा, म्हणजे पावसाळ्यात जिना कोसळायची भीती. टॉवर बांधा, तर मोठे घर मिळते. पण ज्यांची पेन्शनच तुटपुंजी त्यांनी लिफ्ट, पंप आणि वॉचमनचा दरमहाचा खर्च कुठून भरायचा? तळमजल्यावरच्या खाणावळीचे आणि इस्त्रीवाल्याचे काय? मालकाचे म्हणणे खोटे नाही, भाडेकरूचेही खोटे नाही. जो कोणी "सगळा दोष यांचा" किंवा "सगळा दोष त्यांचा" असे एका वाक्यात सांगतो तो वेणीला घडी समजतो आहे. दुरून झटका मारणारा हात त्याचाच असतो.

घरातही हेच आहे. फेसबुकवर माणसाने आपल्या नात्याविषयी काय ते सांगायच्या पर्यायांमध्ये 'इट्स कॉम्प्लिकेटेड' हाही एक आहे. पोटच्या मुलीचा संसार डगमगतो आहे आणि ती म्हणते, "आई, कॉम्प्लिकेटेड आहे गं." तेव्हा तिला आजींसारखे तीन प्रश्न विचारून कागदावर उत्तरे मागायची नसतात. ती खरे तर 'कॉम्प्लेक्स' म्हणते आहे, शब्द तेवढा चुकीचा निवडला आहे. अशा वेळी उलगडा नको असतो. शेजारी बसणे हवे असते. गुंतवळ काढताना आई फणी जोरात ओढत नसे, मुळाशी केस धरून हळूहळू सोडवत असे. ते शहाणपण आपल्या हातांना अजून आठवत असेल.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'कॉम्प्लिकेटेड' म्हणाले की मनाशी एवढेच विचारावे: ही घडी आहे की वेणी? पैसा, करार, नियम, फॉर्म, बिल, पॉलिसी हे सगळे माणसानेच घडी घालून ठेवलेले असते. ज्याने घडी घातली त्याला ती मोडताही येते. तिथे संकोच न करता म्हणावे, "उलगडून सांगा, मराठीत सांगा, वेळ लागला तरी चालेल." आपल्या भाषेत समजावण्याला 'उलगडा' म्हणतात, हे उगीच नाही. इस्पितळात 'कॉम्प्लिकेशन्स झाली' असे ऐकल्यावरही दोन्ही प्रश्न असतात. काय झाले आणि आता काय करणार, याचा उलगडा मागण्याचा नातेवाइकांना अधिकार आहे. शरीर असे का वागले, हे मात्र कधी कधी डॉक्टरांनाही पुरते सांगता येत नाही.

आणि जिथे माणसे, माती, पोट आणि आठवणी एकमेकांत गुंफलेल्या आहेत तिथे थोडा धीर धरावा. एका वाक्यात उत्तर देणाऱ्यापासून सावध राहावे. तिथे प्रश्न कळायलाच वेळ लागतो, आणि तो वेळ वाया गेलेला नसतो.